वाक्याला धनी हवा : माझगावच्या एका शाळेची नोंद लिहिताना

माझगाव आणि भायखळा भागातील जुन्या शाळांच्या नोंदी एकत्र करण्याचे काम आम्ही काही निवृत्त शिक्षकांनी आणि दोन ग्रंथपालांनी मिळून हाती घेतले, तेव्हा शाळांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली. माझ्या चिठ्ठीवर नेस्बिट रोडवरच्या सेंट मेरीज शाळेचे नाव निघाले. येशूसंघीय धर्मगुरूंनी, म्हणजे ज्यांना आपण जेझुइट म्हणतो त्यांनी, १८६४ साली सुरू केलेली ही मुलांची शाळा. मी हयातभर महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवले, आणि या शाळेच्या भिंतीला वळसा घालून रोज कामावर गेलो. परंतु तिच्याविषयी मला काय माहीत आहे असे स्वतःला विचारले, तेव्हा माझ्याजवळ माहितीपेक्षा मतेच अधिक निघाली. त्यांतली काही मते आदराची होती आणि काही अढीची. बाराशे शब्दांची नोंद लिहायला मला पाच महिने लागले, त्याचे मुख्य कारण हेच होते.

काम सुरू करण्यापूर्वी आमच्यातल्या ज्येष्ठ ग्रंथपाल बाईंनी एकच नियम घालून दिला होता. नोंदीतल्या प्रत्येक वाक्याला धनी हवा. ते वाक्य कोणी सांगितले, कधी सांगितले, आणि सांगणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण काय, हे ज्या वाक्याबाबत सांगता येणार नाही ते वाक्य कितीही सुंदर असले तरी काढून टाकायचे. हा नियम ऐकताना मला सोपा वाटला होता. माझ्या पहिल्या मसुद्यावर त्यांनी लाल शाईने खुणा केल्या, तेव्हा अकरा पानांपैकी जेमतेम चार पाने उभी राहिली.

पहिली खूण पहिल्याच ओळीत होती. मी लिहिले होते, 'माझगावातील ही प्रसिद्ध कॉन्व्हेंट शाळा.' आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला, विशेषतः नावात 'सेंट' असलेल्या शाळेला, सरसकट कॉन्व्हेंट म्हणण्याची इतकी सवय आहे की मला तो शब्द खटकलाही नव्हता. कॉन्व्हेंट म्हणजे भगिनींचा, अर्थात व्रतस्थ स्त्रियांचा मठ. त्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळेला ते नाव शोभते. भायखळ्याच्या क्लेअर रोडवर जीझस अँड मेरी संघाच्या भगिनींची शाळा आहे, ती खऱ्या अर्थाने कॉन्व्हेंट. धर्मगुरूंनी मुलांसाठी काढलेली शाळा कॉन्व्हेंट होऊ शकत नाही. ही चूक केवळ शब्दाची नाही. एकदा सगळ्यांना एकाच नावाखाली कोंबले की कोणती शाळा कोणत्या पंथाची, ती कोण चालवते, तिच्यावर अखेरचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न विचारण्याची गरजच वाटेनाशी होते. भायखळ्याची क्राइस्ट चर्च शाळा किंवा पुण्याची बिशप्स शाळा या अँग्लिकन परंपरेतल्या आहेत, कॅथलिक नव्हेत, हे मी शिक्षक असूनही नीट पाहिलेले नव्हते. कॅथलिक शाळांमध्येही काही धर्मप्रांताच्या, म्हणजे थेट आर्चबिशपांच्या अखत्यारीतल्या असतात, तर काही येशूसंघ किंवा सालेशियन यांसारख्या व्रतस्थ संघांच्या असतात. माटुंग्याची डॉन बॉस्को सालेशियनांची आहे, कुपरेजची कॅम्पियन येशूसंघीयांची. 'कॅथलिक शाळा' एवढे लिहून थांबणे म्हणजे 'सरकारी शाळा' एवढे लिहून ती जिल्हा परिषदेची की महापालिकेची की केंद्राची हे न सांगण्यासारखे आहे.

दुसरी खूण अधिक बोचरी होती. मी लिहून गेलो होतो, 'इंग्रज मिशनऱ्यांनी या शाळेचा पाया घातला.' इंग्रजांचे राज्य, इंग्रजी माध्यम, तेव्हा धर्मगुरूही इंग्रजच असणार, हा माझा अंदाज होता, आणि मी तो माहिती म्हणून लिहिला होता. प्रत्यक्षात मुंबईच्या कॅथलिक मिशनची जबाबदारी १८५०च्या दशकात येशूसंघाकडे आली ती मुख्यतः जर्मन भाषक धर्मगुरूंकडे. त्याआधी येथे अनास्टाशियस हार्टमन हे कॅपुचिन या व्रतस्थ संघातले स्विस बिशप होते. १८५० साली 'बॉम्बे कॅथलिक एक्झामिनर' हे पत्र त्यांच्याच काळात सुरू झाले आणि ते साप्ताहिक 'द एक्झामिनर' या नावाने टिकून राहिले. म्हणजे राज्य इंग्रजांचे, शाळेची भाषा इंग्रजी, शिकवणारे पुष्कळसे जर्मन आणि स्विस, आणि वर्गात बसलेली मुले मुंबईची, अशी ती गुंतागुंत होती. 'इंग्रज मिशनरी' या दोन शब्दांनी ती सगळी पुसली जात होती.

ही दुरुस्ती करताना मी एका नव्या मोहात सापडलो. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात येशूसंघावर बंदी आली आणि तिथल्या धर्मगुरूंना देश सोडावा लागला, हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहिले : मायदेशातून घालवून दिलेले धर्मगुरू माझगावच्या टेकडीखाली येतात आणि परक्या मुलांसाठी शाळा काढतात. मी त्यावर दीड पान लिहिले आणि ते मला फार आवडले. मग तारखा शेजारी ठेवल्या. जर्मनीतला तो कायदा १८७२चा, शाळेची स्थापना १८६४ची. आठ वर्षांनी घडलेल्या गोष्टीला मी आधीच्या गोष्टीचे कारण करून बसलो होतो. ते दीड पान काढून टाकताना मला खरोखर वाईट वाटले. परंतु इतिहासाच्या नोंदीत सर्वांत धोकादायक वाक्य कोणते, तर जे आपल्याला लिहायला सर्वांत गोड लागते ते, हे त्या दिवशी माझ्या चांगलेच लक्षात आले.

त्याच्या जागी जे लिहिले ते साधे आहे. १८५४ साली वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्याने खाजगी आणि मिशनरी शाळांनाही सरकारी अनुदान मिळण्याची वाट मोकळी केली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेमुळे, जिला पुढे आपण मॅट्रिक म्हणू लागलो, इंग्रजी माध्यमिक शाळांना एक निश्चित ध्येय मिळाले. आणि १८६० नंतरच्या चारपाच वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल येऊन शहरात पैसा आणि माणसे यांचा लोंढा आला. शाळा या काळातली आहे. या तीन गोष्टींमुळेच ती निघाली असे मी म्हटलेले नाही; ती या परिस्थितीत निघाली, एवढेच म्हटले आहे. 'मुळे' आणि 'मध्ये' या दोन शब्दयोगी अव्ययांमधले अंतर मला शिकवण्याच्या नोकरीत इतके कधी जाणवले नव्हते.

जर्मन धर्मगुरूंची कहाणी पुढे खरोखरच तुटते, आणि तिथे तारखा साथ देतात. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर मुंबई इलाख्यातले जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांच्यातल्या अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे परत पाठवण्यात आले. १९२०च्या दशकात त्यांची जागा प्रामुख्याने स्पेनमधून आलेल्या येशूसंघीयांनी घेतली. सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधनाची संस्था उभी करणारे फादर हेरास हे १९२२ साली भारतात आले, ते याच स्पॅनिश फळीतले. १९५० साली व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. 'मिशनरी शाळा' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे जो एकच एक गोरा पाद्री उभा राहतो, त्याच्या जागी जर्मन, स्विस, स्पॅनिश, गोव्याचे, मंगळूरचे आणि येथलेच असे अनेक चेहरे असायला हवेत, आणि नोंदीने तरी ते दाखवलेच पाहिजेत.

'येथलेच' या शब्दावर मी सर्वांत जास्त दिवस घालवले. माझ्या दुसऱ्या मसुद्यात एक वाक्य होते की, शाळेने स्थानिक समाजापासून अंतर राखून परकीय वातावरण जोपासले. हे वाक्य माझ्या अढीतून आले होते, पण त्या वेळी मला ते निरीक्षण वाटत होते. मसुदा मी शेजारच्या एका वयस्कर गृहस्थांना वाचायला दिला. ते माझगावातल्याच म्हातारपाखाडी या वस्तीतले, ईस्ट इंडियन समाजाचे. घरात मराठीचीच एक बोली बोलणारे. त्यांनी कागद परत देताना शांतपणे विचारले, "मास्तर, स्थानिक म्हणजे कोण? आम्ही कधी आलो इथे?" मला उत्तर देता आले नाही. मुंबई, साष्टी, वसई इथल्या मूळच्या कोळी, भंडारी, शेतकरी घरांतून पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली ही माणसे. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून त्यांनी १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी ईस्ट इंडियन हे नाव घेतले आणि संघटना उभी केली. माझे आजोबा कोकणातून गिरणीत कामाला आले. माझगावात 'स्थानिक' हा शब्द कोणाचा असेल, तर तो माझ्याआधी त्यांचा होता. माझ्या वाक्यातला 'स्थानिक समाज' म्हणजे मी आणि माझ्यासारखे, एवढाच होता.

ते वाक्य मी काढले आणि त्याच्या जागी एका माणसाची माहिती घातली. जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म माझगावच्या म्हातारपाखाडीतला, १७ मार्च १८६४चा. म्हणजे माणूस आणि शाळा एकाच वर्षाची. त्यांचे सुरुवातीचे शिक्षण सेंट मेरीजमध्ये झाले, पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि नंतर केंब्रिजला. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी आणि कायदेशीर सल्लागार. १९१६ साली टिळकांनी स्थापन केलेल्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष होते. १९२० साली स्थापन झालेल्या ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत त्यांचा भाग होता आणि १९२५ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, झाले. लोक त्यांना काका म्हणत. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचे नाव आहे, आणि त्या बागेत मी तीस वर्षे संध्याकाळी फिरायला जात असूनही हे काका कोणत्या शाळेत शिकले याचा मी कधी विचार केला नव्हता.

त्यांच्या संदर्भात मला आमच्या नियमाची सर्वांत कठीण परीक्षा द्यावी लागली. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' ही घोषणा मूळ बाप्टिस्टांची असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. शाळेचे माजी विद्यार्थी ते अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान समजण्यासारखा आहे. दुसरीकडे महाराष्ट्रात असा कोणता मराठी माणूस आहे की ज्याच्या कानात हे वाक्य टिळकांच्या नावाशिवाय उमटते? मी लहानपणी ते पाठ केले, पुढे वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतले. ते दुसऱ्या कोणाचे असू शकते, या कल्पनेनेच मला आतून विरोध वाटला, आणि बाप्टिस्टांचा उल्लेखच गाळावा असे दोन दिवस वाटत राहिले. ग्रंथपाल बाईंना मी हे प्रामाणिकपणे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला निवाडा करायचा नाही. शब्द जुळवले कोणी आणि ते घराघरांत पोचवले कोणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे तरी लिहाल की नाही?" नोंदीत शेवटी असे गेले की, ही घोषणा टिळकांच्या मुखाने देशभर पोचली, आणि तिच्या शब्दांचे श्रेय बाप्टिस्टांच्या चरित्रविषयक लेखनात बाप्टिस्टांना दिले जाते. दोन्ही अर्ध्यांना आपापला धनी आहे. त्यापलीकडचे एक अक्षर मी लिहिले नाही.

नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी हा कोणत्याही शाळेच्या नोंदीतला सर्वांत मोहाचा आणि म्हणूनच सर्वांत निसरडा भाग असतो. मुले एका शाळेत बालवर्गात असतात, दुसरीत पाचवीपर्यंत, तिसरीतून परीक्षा देतात. ती मोठी झाली की तिन्ही शाळा त्यांना आपली म्हणतात. रतन टाटा हे याचे ठळक उदाहरण आहे : कॅम्पियन, कॅथीड्रल, शिमल्याची बिशप कॉटन आणि न्यू यॉर्कमधली एक शाळा, अशा चार शाळांशी त्यांचे नाव जोडलेले आहे आणि चारही दावे आपापल्या परीने खरे आहेत. म्हणून मी असे ठरवले की, नाव लिहायचे तर ती व्यक्ती शाळेत होती याला शाळेबाहेरचा आधार हवा, आणि तिने शाळेत काय केले किंवा किती काळ काढला हे ठाऊक असेल तर तेही लिहायचे. या कसोटीवर वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता यांचे नाव विनासायास टिकले. १९३६ साली मुंबईत जन्मलेले, पारशी कुटुंबातले, सेंट मेरीजमध्ये आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले, आणि १९५४ साली संगीत शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेलेले. याच्या उलट 'क्वीन' या रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी. त्यांच्या शालेय आयुष्याचा मोठा भाग पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये गेला, आणि ती शाळा अँग्लिकन परंपरेतली आहे. काही चरित्रपर लेखनात त्यानंतर माझगावच्या सेंट मेरीजचाही उल्लेख येतो. माझ्या पहिल्या मसुद्यात त्यांचे नाव यादीत सर्वांत वर होते, कारण ते नाव वाचकाला थांबवते. शेवटच्या मसुद्यात ते 'काही चरित्रलेखनानुसार' या शब्दांसह एका ओळीत आले, आणि पाचगणीचा उल्लेख त्याच ओळीत आधी आला.

खेळाच्या बाबतीत मला एक छोटी पण पक्की गोष्ट सापडली, आणि ती विरुद्ध बाजूकडून सापडली याचे मला विशेष वाटले. १९७६ साली शालेय क्रिकेटच्या जाइल्स शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेंट मेरीजने माटुंग्याच्या डॉन बॉस्कोला हरवले. ही माहिती प्रसिद्ध झाली ती हरलेल्या संघातल्या एका मुलामुळे, रवी शास्त्री यांच्यामुळे; पुढच्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली डॉन बॉस्कोने ती ढाल प्रथमच जिंकली. सेंट मेरीजच्या त्या संघात शिशिर हट्टंगडी होते, जे पुढे मुंबईकडून रणजी खेळले. शाळेची थोरवी शाळेच्याच माहितीपत्रकातून घेण्यापेक्षा तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या आठवणीतून मिळाली, तर ती अधिक भरवशाची असते.

'मुंबईतील सर्वांत जुनी' हे विशेषण मी तीन वेळा लिहिले आणि तीन वेळा खोडले. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस ही येशूसंघीयांचीच शाळा १८६३ची आहे, म्हणजे वर्षभर आधीची. कॅथलिक वर्तुळाबाहेर पाहिले तर स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचे शैक्षणिक काम १८३२ इतके मागे जाते. शेवटी मी फक्त वर्ष ठेवले. वर्ष लिहिले की विशेषणाची गरज राहत नाही; ज्याला तुलना करायची आहे तो करून घेईल.

परीक्षांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, पण एक घोटाळा टाळावा लागला. सेंट मेरीज या एकाच नावाखाली एसएससी आणि आयसीएसई असे दोन विभाग आहेत, आणि बोलताना लोक कोणत्या विभागाविषयी बोलत आहेत हे सांगत नाहीत. शिवाय जुने विद्यार्थी 'मॅट्रिक', 'सीनियर केंब्रिज', 'अकरावी' आणि 'दहावी' हे शब्द सरमिसळ वापरतात. राज्यात दहावीची पहिली शालान्त परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली, त्यापूर्वी ती अकरावीला होत असे. एका गृहस्थांनी आपण १९६८ साली दहावी पास झालो असे सांगितले, तेव्हा त्यांची आठवण खोटी नव्हती. त्यांनी नातवंडांना समजावे म्हणून वापरलेला शब्द त्यांच्या आठवणीत जाऊन बसला होता. मी अशा प्रत्येक मुलाखतीत वर्षाशेजारी परीक्षेचे नाव पुन्हा विचारून घेऊ लागलो.

मुलाखतींमध्ये 'कडक शिस्त' हे दोन शब्द जवळजवळ प्रत्येकाने उच्चारले, आणि माझगावच्याच काय, कोणत्याही मुलांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्याने ते उच्चारले असते. मी विचारत असे, शिस्त म्हणजे काय, एक प्रसंग सांगा. मग कोणी रांगेने जिना उतरण्याविषयी सांगे, कोणी सकाळच्या प्रार्थनेविषयी, कोणी वेळेवर न पोचल्यास बंद होणाऱ्या फाटकाविषयी. अशा ठोस गोष्टी नोंदीत घेता येतात. 'कडक शिस्त' घेता येत नाही, कारण सांगणारा ते कौतुकाने म्हणतो की तक्रारीने, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट मान्य करावी लागली. मी माझ्या वर्गात लाकडी पट्टी वापरली आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला मनाई केली, त्याच्या आधीपासूनच ती चूक होती. ज्याचे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत त्याने दुसऱ्याच्या शाळेतल्या शिक्षेविषयी लिहिताना आवाज चढवू नये, आणि स्वतःला वाचवण्यासाठी तो विषय गाळूही नये.

धर्माचा प्रश्न येणारच होता. आमच्या गटातल्या एका सद्गृहस्थांचा आग्रह होता की, अशा शाळा धर्मांतरासाठीच काढल्या गेल्या असे एक वाक्य हवे. एका माजी विद्यार्थ्याचा आग्रह होता की, धर्मगुरूंनी निःस्वार्थ सेवेच्या भावनेने आयुष्य वाहिले असे एक वाक्य हवे. दोघेही सज्जन, दोघांचाही आपल्या म्हणण्यावर विश्वास. मी दोघांनाही तोच प्रश्न विचारला : या वाक्याचा धनी कोण? हेतू ही गोष्ट दुसऱ्याच्या मनात असते. तिच्याविषयी लिहायचे तर त्या माणसाचे पत्र हवे, संस्थेचा ठराव हवा, नाहीतर काय घडले तेवढेच लिहावे. नोंदीत मी हे लिहिले की, शाळा कॅथलिक संघाची आहे, तिच्या वर्गांत कॅथलिकांबरोबर पारशी, हिंदू, मुसलमान अशी सर्व धर्मांची मुले शिकत आली आहेत. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. आणि कलम २८ नुसार राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला वा प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. दोघांचेही समाधान झाले नाही. त्याबद्दल मी दोघांचीही माफी मागितली, पण वाक्य बदलले नाही.

माझी स्वतःची कसोटी प्रवेशाच्या परिच्छेदात लागली. शिक्षणहक्क कायद्याच्या बाराव्या कलमानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांना दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळले आणि २०१४च्या प्रमती खटल्यात हा कायदा अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही लागू होत नाही असा निकाल दिला. माझ्या वर्गातली हमालांची, फेरीवाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची मुले माझ्या डोळ्यांपुढे होती. त्यांच्यातल्या किती जणांच्या आया इंग्रजी शाळेच्या फाटकाकडे पाहत उभ्या राहत, हे मी पाहिले आहे. त्या रात्री मी अतिशय कडवट असा एक परिच्छेद लिहिला. सकाळी तो पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आले की माझा राग कायद्याच्या रचनेवर होता आणि मी तो एका शाळेच्या नोंदीत ओतत होतो. शिवाय घटनेने अल्पसंख्याकांना दिलेला हक्क ही काही पळवाट नव्हे. बहुसंख्याकांच्या लहरीपासून संरक्षण म्हणून तो विचारपूर्वक दिलेला आहे. एका बाजूला हा हक्क, दुसऱ्या बाजूला गरीब मुलाचा शेजारच्या शाळेवरचा हक्क, आणि या दोन्हींमधला ताण खरा आहे असे मला आजही वाटते. परंतु ते माझे मत आहे आणि ते या अनुभवात लिहिणे योग्य आहे. नोंदीत फक्त कायद्याचे कलम, दोन निकाल आणि त्यांची वर्षे आहेत.

एक गोष्ट मला सेंट मेरीजच्या नव्हे, तर दुसऱ्या एका भागातल्या शाळेच्या नोंदीत मदत करताना शिकावी लागली. त्या शाळेतल्या एका कर्मचाऱ्यावर मुलाशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला होता आणि वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या होत्या. नोंद लिहिणाऱ्यांपैकी एकाला तो विषय पूर्ण गाळायचा होता आणि दुसऱ्याला त्यावरच निम्मी नोंद खर्च करायची होती. आम्ही एवढेच लिहिले की, तक्रार कधी नोंदवली गेली आणि प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे. 'आरोप' या शब्दाच्या जागी 'गुन्हा' लिहायचा तो निकालानंतरच. २०१२च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे तेविसावे कलम पीडित मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. ओळख केवळ नावाने पटते असे नाही. इयत्ता, तुकडी, घराचा पत्ता यांनीही ती पटते. म्हणून इयत्ताही लिहिली नाही. शाळेची लाज राखणे आणि मुलाचे रक्षण करणे या दोन गोष्टी वरून सारख्या दिसू शकतात, आणि आपण कोणती करत आहोत हे लिहिणाऱ्याने स्वतःला कागदावर लेखणी टेकवण्यापूर्वी विचारले पाहिजे.

शेवटच्या वाचनासाठी मसुदा तिघांकडे गेला : शाळेचे एक माजी विद्यार्थी, इतिहास शिकवणाऱ्या एक बाई, आणि म्हातारपाखाडीचे तेच शेजारी. माजी विद्यार्थ्यांना नोंद कोरडी वाटली. बाईंनी दोन ठिकाणी 'नंतर' या शब्दाच्या जागी वर्ष घालायला लावले. शेजाऱ्यांनी एकच खूण केली. 'ख्रिस्ती धर्म स्वीकारलेली स्थानिक कुटुंबे' या शब्दांतला 'स्वीकारलेली' त्यांनी खोडला नाही, त्याखाली फक्त 'कधी?' असे लिहिले. मी तिथे 'पोर्तुगीज काळात' हे शब्द जोडले. नोंद बाराशे चाळीस शब्दांची झाली आणि ग्रंथपाल बाईंनी ती लाल शाईची एकही खूण न करता ठेवून घेतली.

दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा मी माझी स्वतःची शाळा मागून घेतली. ती महापालिकेची मराठी शाळा पट कमी झाल्यामुळे बंद झाली आहे आणि तिच्याविषयी लिहायला आमच्याशिवाय फारसे कोणी उरलेले नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिले, 'ही शाळा फार चांगली होती.' थोडा वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो आणि मग ती खोडली. त्याखाली लिहिले की, मी या शाळेत सव्वीस वर्षे शिकवले, आणि मी रुजू झालो तेव्हा माझ्या वर्गात बावन्न मुले होती.